आपल्या विचारामागची चौकट कशी शोधावी

पॅराडाइम म्हणजे मत नव्हे. मत कुणी विचारलं की सांगता येतं. पॅराडाइम ही त्यामागची चौकट: तिच्यामुळे काही प्रश्न सुचतात, काही सुचतच नाहीत. थॉमस कून यांनी १९६२ साली विज्ञानाच्या इतिहासाबद्दल लिहिताना हा शब्द रुळवला. पुढे तो इतका सैल झाला की आता कुठल्याही नव्या कल्पनेला चिकटवतात.

चौकट शोधायला अडलेला एकच प्रश्न घ्या आणि एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, 'लोक काम वेळेवर का देत नाहीत?' आता प्रश्नानेच काय गृहीत धरलंय ते खाली लिहा: दोष लोकांचा आहे, मुदत योग्य होती, काम नेमकं काय ते सगळ्यांना कळलं होतं. निदान तीन गृहीतकं निघेपर्यंत थांबू नका. 'यात काय लिहायचं, हे तर उघडच आहे' असं जिथे वाटेल, ते आधी लिहा.

मग अपवाद गोळा करा. काम वेळेवर झालं ते कधी? 'तेव्हा गोष्ट वेगळी होती' असं म्हणून आपण काय काय बाजूला सारलं? प्रत्येक अपवादाला वेगळी सबब लागत असेल, तर चौकटीवर संशय घ्यायला हरकत नाही.

पण पहिल्याच अपवादाला चौकट टाकून देऊ नका. इथेच बहुतेक जण घसरतात. युरेनस गणिताप्रमाणे फिरेना, तेव्हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी न्यूटनचे नियम सोडले नाहीत, आणखी एक ग्रह असावा असं मांडलं. १८४६ मध्ये त्यांनी सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतही शतकाला सुमारे ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) इतका फरक उरत होता. त्यांनी तीच युक्ती लावली, व्हल्कन नावाचा ग्रह कल्पिला. तो कधीच मिळाला नाही. हिशेब जुळला तो १९१५ मध्ये, आइन्स्टाइन यांच्या नव्या सिद्धांताने.

जुनी चौकट वाचवायला नवा ग्रह मानण्याची ही दोन्ही ठिगळं सारखीच तर्कशुद्ध होती. म्हणून ठिगळ लावताना ते तपासायचं कसं हेही लिहा: 'मुदत दुप्पट केली तर उशीर थांबेल', आणि पडताळायची तारीख. दुसरी चौकट, समजा 'काम नीट सांगितलंच जात नाही', हिचंही भाकीत शेजारी लिहा. दोन्ही भाकितं एकच निघाली तर ती चाचणी निरुपयोगी; दुसरी शोधा. भाकितं निकालाआधीच लिहायची, कारण नंतर कुठलीही चौकट कुठल्याही निकालाला जुळवून घेता येते.