जुनी कॅम्पर व्हॅन घेतलीय? वायरिंग आणि कूलिंगच्या या चुका टाळा

माझं छोटंसं गॅरेज साखळीहून केरीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे, म्हणजे चोर्ला घाट लागायच्या आधी. दिवाळी झाली की पार शिमग्यापर्यंत एखादी तरी जुनी व्हॅन दारात उभी असते. आत पलंग, सिंक, फ्रीज, छपरावर सोलर आणि पुढून वाफ. गाडी घेऊन महिना-दोन महिने झालेले असतात आणि तेवढ्यात मालकाने तिच्यावर भरपूर पैसे घातलेले असतात. मला वाईट याचं वाटतं की काढून टाकलेले पार्ट कितीतरी वेळा चांगले होते. कुणी मीटर लावून बघितलंच नव्हतं.

म्हणून सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो: न मोजता पार्ट बदलणे.

एका फेब्रुवारीत पुण्याचं एक जोडपं आलं. सीटखाली इंजिन असलेली पेट्रोल व्हॅन, म्हापशाकडून सेकंड हँड घेतलेली, रंग एकदम नवा, पिवळाधमक. तक्रार एकच, गाडी हीट होते. तोपर्यंत नवा रेडिएटर झाला होता, वॉटर पंप झाला होता, कूलंट दोनदा बदललं होतं, थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे रेडिएटरकडची पाण्याची वाट उघडणारा-झाकणारा व्हॉल्व्ह) काढून फेकला होता. शेवटच्या मेकॅनिकने हेड गॅस्केट (इंजिनच्या आतलं सील) गेलंय म्हणून सांगितलेलं. ती मुलगी मला म्हणाली, "काका, आता इंजिनच उतरवावं लागेल का?"

मी विचारलं, काटा कधी चढतो, धावताना की उभी असताना? तर म्हणाले हायवेला काही त्रास नाही, पण शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात अडकलो तेव्हा चढला आणि काल घाटात ट्रकच्या मागे रांगत होतो तेव्हा परत चढला. एवढ्यातच अर्धं उत्तर मिळालं. गाडी धावते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर थंड करतो, ती उभी राहिली किंवा रांगायला लागली की सगळा भार फॅनवर येतो. उभ्या गाडीत गरम होत असेल तर आधी फॅन आणि हवा बघायची, आणि वेगात किंवा चढावर जोर लावल्यावर गरम होत असेल तर पाणी फिरतंय का, रेडिएटर आतून चोक आहे का ते बघायचं. हा एक प्रश्न आधी कुणी विचारला असता तर त्यांचे बरेच पैसे वाचले असते.

"पण फॅन तर चालू होतो, सगळ्यांनी बघितलाय," तो मुलगा म्हणाला. चालू होत होता, पण जोर नव्हता. मी इंजिन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर 13.8 व्होल्ट, फॅनच्या प्लगवर फक्त 10.1. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं फॅनच्या काळ्या वायरला लावलं, तिथे 3.4 व्होल्ट दिसले. खरं तर तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. म्हणजे फॅनचा करंट परत बॅटरीकडे जायची वाट अडली होती.

हेडलाइटच्या मागे बॉडीला अर्थचा बोल्ट होता, म्हणजे निगेटिव्ह वायर पत्र्याला जिथे जोडतात तो. रंग मारताना पेंटरने तो झाकला नव्हता, पिवळा रंग बोल्टवर बसलेला आणि लगच्या (वायरच्या टोकाला असलेल्या धातूच्या कडीच्या) खालीही उतरलेला. शिवाय गाडी दोन पावसाळे समुद्राजवळ उघड्यावर उभी होती, लग काढला तर आत हिरवी-पांढरी पूड. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवा लग क्रिम्प केला (पकडीने दाबून बसवला), दातेरी वॉशर घालून आवळला, वरून व्हॅसलीन लावलं. अर्धा तासही लागला नाही. फॅन सुरू झाला तेव्हा आवाजच वेगळा आला, दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मग नवा थर्मोस्टॅट बसवून दिला आणि सांगितलं, आता घाट चढा, वर पोचल्यावर फोन करा. त्यांचा फोन आला, काटा मधोमध होता.

तर ही टेस्ट शिकून घ्या, साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, कारण क्लॅम्पच खराब असू शकतो), दुसरं त्या वस्तूच्या निगेटिव्हवर आणि ती वस्तू चालू पाहिजे. बंद वस्तूवर कितीही खराब अर्थ शून्यच दाखवतो, इथेच नवीन माणूस फसतो. 0.2 व्होल्टच्या वर गेलं की कुठलातरी जॉइंट खराब आहे. मग टोक एकेक जॉइंट पुढे सरकवत जा, सापडतोच. इंजिन ते बॉडी जो जाड अर्थ पट्टा असतो तो जुन्या गाडीत मी न विचारताच नवा घालतो, ती माझी सवय आहे. आणि हेडलाइट लावल्याबरोबर टेंपरेचरचा काटा उडी मारत असेल तर घाबरू नका, एका सेकंदात पाणी गरम होत नाही, डॅशबोर्डचा अर्थ बघा.

आता थर्मोस्टॅट. "गोव्यात थंडी कुठे आहे, काढून टाक" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता चीड येते. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 डिग्रीला उघडतो आणि इंजिनला त्याच्या ठरलेल्या तापमानावर धरून ठेवतो. तो काढला की इंजिन नीट तापत नाही, कॉम्प्युटर थंड इंजिन समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो, ऑइलमध्ये पाणी साचून चिखल होतो. आणि बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं, म्हणजे ज्या हीटसाठी काढला तीच घाटात वाढते. तो खराब वाटला तर काढून पातेल्यात पाण्यात उकळा, उघडतो की नाही ते डोळ्यांनी दिसतं. नसेल उघडत तर नवा घाला. पण भोक रिकामं ठेवू नका.

रेडिएटरमध्ये विहिरीचं किंवा नळाचं पाणी घालू नका. क्षार बसतात, गंज धरतो, बारीक नळ्या बुजतात. कूलंट आणि पेट्रोल पंपावर मिळतं ते बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर), निम्मं निम्मं. रस्त्यात अडकलात तर बाटलीतलं पिण्याचं पाणी घाला, पण घरी आल्यावर सगळं काढून फ्लश करा, हे "नंतर करू" म्हणणारे नंतर कधीच करत नाहीत.

रेडिएटरची कॅप स्वस्त असते म्हणून कुणी लक्ष देत नाही. साधारण 0.9 बारचा दाब ती धरून ठेवते, त्या दाबाने पाणी 118-119 डिग्रीपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की दाब निघून जातो आणि शंभरलाच उकळी. जुनी गाडी घेतली की कॅप नवीन, यावर मी वाद घालत नाही. गरम असताना ती उघडायची नाही, कितीही घाई असली तरी. माझ्याकडच्या एका पोराचा हात भाजलेला मी बघितलाय, फडकं धरून उघडत होता. अर्धा-पाऊण तास थांबा, होज हाताला कोमट लागला की मग.

ईकोसारख्या गाडीत इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पार पुढे, मधले पाईप लांबलचक, त्यामुळे कूलंट बदललं की हवा अडकते. गाडीचं तोंड चढावर करा, हळूहळू भरा, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, थंड झाल्यावर परत लेव्हल बघा. दहा मिनिटांत उरकणारं हे काम नाही.

आमच्या डिचोली-सत्तरीच्या भागात लाल धूळ भयंकर. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत ती बसते, पुढून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी प्रेशरच्या पाण्याने धुवा. जोरात मारलं तर पाती वाकतात.

आता मागच्या वायरिंगचं. बारा व्होल्टचा फ्रीज रात्री बंद पडतो आणि सगळे बॅटरीला शिव्या देतात. बहुतेकदा दोष वायरचा असतो. दीड एमएमची (चौरस मिलिमीटरची) वायर, पाच मीटर जाऊन पाच मीटर परत, सहा अँपिअरला जवळजवळ पाऊण व्होल्ट वाटेतच गेला. साधी लेड-ॲसिड बॅटरी 12.2 वर आली, म्हणजे अर्धी शिल्लक आहे, पण फ्रीजला साडेअकरा दिसतात, चालू होताना त्याहून कमी, आणि तो स्वतःला बंद करतो. तीच वायर सहा एमएमची घातली तर तोटा पाव व्होल्टाच्या आत येतो. माझा नियम, फ्रीजला बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, लाइट-पंख्यात जोडायची नाही. आणि फ्रीज प्लायवूडच्या कपाटात घट्ट बसवू नका, मागे खालून हवा आत आणि वरून बाहेर जायला जाळी ठेवा, नाहीतर मे महिन्यात कॉम्प्रेसर बंदच होणार नाही.

पिळून टेप मारलेले जॉइंट मी एकही ठेवत नाही. उन्हात टेपचा गोंद वितळतो, पावसाळ्यात पाणी शिरतं, तांबं काळं पडतं. मालीमच्या जेटीवर ट्रॉलरचं काम करणारे कथिल चढवलेली वायर वापरतात, तीच आणा, थोडी महाग पडते. क्रिम्प करा, वर गोंदवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी).

मेन फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. मागे कपाटात इन्व्हर्टरजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरला वाचवत नाही, ती पत्र्याच्या भोकात घासली की थेट आग. हजार वॅटचा इन्व्हर्टर बारा व्होल्टवर नव्वदच्या वर अँपिअर ओढतो, तिथे घरातली वायर चालत नाही. फ्यूज उडाला म्हणून मोठा घालणारे माझ्याकडे आले तर आधी तो काढून ठेवतो, मग बोलतो.

लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) जोडू नका. ती एवढा करंट खेचते की अल्टरनेटर जळतो, आणि आयडलवर तर त्याचा स्वतःचा पंखाही हळू फिरत असतो. मध्ये करंट आवरून धरणारा वीस-तीस अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लागतोच.

आणि सोलर लावून गाडी माडाच्या सावलीत उभी करत असाल तर चार्जिंगची आशा धरू नका, एका झावळीची सावली पडली तरी पॅनलची वीज बरीच घटते.