नागपुरात अरबीभाषक प्रौढांसाठी इंग्रजीचा मोफत वर्ग कसा चालवावा

शिक्षण, उपचार किंवा व्यवसाय अशा कारणांनी अरब देशांतून नागपुरात येऊन राहणाऱ्या माणसांना दोन-तीन महिन्यांत हिंदी कानावर पडून थोडीफार येऊ लागते आणि भाजीचा भाव करण्यापुरती ती पुरतेही. अडचण येते ती कागदापाशी. केसपेपर, औषधाच्या पाकिटावरील सूचना, भाडेकरार, बँकेचा अर्ज, मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी हे सगळे इंग्रजीत असते आणि तिथे घरातल्या शाळकरी मुलाला दुभाषा म्हणून उभे करावे लागते. स्वतःच्या दुखण्याविषयी डॉक्टरांशी दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून बोलणे कोणत्याही आईला जड जाते. आमच्या वर्गाची सुरुवात अशाच एका आईमुळे झाली. तेव्हापासून आम्ही चार मित्र आठवड्यातून दोन संध्याकाळी हा वर्ग चालवतो. असा वर्ग आपल्या भागात सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी पुढील माहिती लिहीत आहे.

जागेसाठी वस्तीतले समाजभवन, वाचनालय किंवा संध्याकाळी रिकामी असणारी शाळेची खोली पाहावी. परवानगी मात्र लेखी घ्यावी. आम्हाला एका ठिकाणी तोंडी होकारावर खोली मिळाली होती. तिसऱ्या आठवड्यात तिथे कुलूप दिसले आणि अकरा माणसे जिन्यात उभी राहिली. शुक्रवारची दुपार नमाजासाठी मोकळी सोडावी. रमजानच्या महिन्यात सूर्यास्ताच्या सुमारास वर्ग ठेवू नये, त्याऐवजी सकाळची वेळ विचारून ठरवावी. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना दुपारचा वर्ग कोणालाच झेपत नाही. काही स्त्रियांना पुरुषांच्या वर्गात बसणे संकोचाचे वाटते. त्यांच्यासाठी स्त्री शिक्षिका आणि वेगळा दिवस ठेवता आला तर उपस्थिती टिकते, आणि लहान मुलांना बसण्यासाठी कोपऱ्यात एक सतरंजी टाकली तर ती आणखी टिकते. एका वर्गात आठ ते बारा जण पुरेत. दीड तासाचे दोन वर्ग धरले, तर बारा आठवड्यांत छत्तीस तास होतात, आणि तेवढ्यात रोजच्या व्यवहाराचे इंग्रजी उभे राहू शकते.

नाव नोंदवताना पासपोर्ट किंवा व्हिसाची प्रत मागू नये. आपण सरकारी कार्यालय नाही. नाव आणि फोन नंबर एवढे पुरते. त्यानंतर प्रत्येकाशी दहा मिनिटे बोलून गट पाडावेत. इथे एक चूक नेहमी होते: ज्याला इंग्रजी येत नाही त्याला निरक्षर समजले जाते. आमच्या वर्गात रसायनशास्त्राची पदवी घेतलेले गृहस्थ होते आणि कधीच शाळेत न गेलेली एक आजीही होती. दोघांनाही ए, बी, सी ओळखता येत नव्हते, पण दोघांना एकाच बाकावर बसवून एकच धडा देणे हा दोघांवरही अन्याय झाला असता.

मुख्य मुद्दा शिकवण्याचा. अरबीभाषक इंग्रजीत ज्या चुका करतो, त्यांतल्या बहुतेक त्याच्या भाषेचे नियम असतात. ते नियम शिक्षकाला आधी ठाऊक असले, तर अर्धे काम होते. प्रमाण अरबीत 'प' हा ध्वनी नाही, म्हणून 'पार्किंग'चे 'बार्किंग' होते. यावर उपाय म्हणून तोंडासमोर कागदाची पट्टी धरायला सांगतात: शब्दाच्या सुरुवातीचा इंग्रजी 'पी' उच्चारताना हवेचा झोत बाहेर पडतो आणि पट्टी हलते, 'बी' उच्चारताना ती जवळजवळ स्थिर राहते. मी पहिल्यांदा हे करून दाखवले तेव्हा माझ्याच 'पेन'ला पट्टी हलली नाही. मराठीतला 'प' अल्पप्राण आहे. त्यात तो झोत नसतो, आणि म्हणूनच अरबी कानाला आपला 'प' पुष्कळदा 'ब' ऐकू येतो. तेव्हा शिक्षकाने आधी घरी आरशासमोर सराव करावा. 'व्ही' ध्वनीही अरबीत नाही, त्यामुळे 'व्हॅन'चे 'फॅन' होते. त्यांच्या 'फा' या अक्षरासाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकतातच. तसेच दात टेकवून घशातून आवाज काढायला सांगितले की 'व्ही' मिळतो. मराठी बोलणारे 'व्ही' आणि 'डब्ल्यू' हे दोन्ही एकाच 'व'ने भागवतात, म्हणून इथेही आपली जीभ आधी तपासावी.

'थिंक' या शब्दातला पहिला ध्वनी मात्र येमेन किंवा इराकमधून आलेल्यांना सहज येतो, कारण तो अरबीत आहे. आपण त्या जागी बेधडक मराठी 'थ' वापरतो. असा धडा आला की त्यांच्यापैकी एकाला फळ्याजवळ बोलवावे आणि त्याच्याकडून आपण शिकावे. ज्या माणसाला दिवसभर प्रत्येक खिडकीपाशी अडखळावे लागते, त्याला संध्याकाळी कोणाला तरी काही शिकवता येणे ही छोटी गोष्ट नाही. शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर आले की तेही आपल्याकडच्या 'इस्टेशन', 'इस्कूल'सारखा एखादा स्वर घुसवतात. ते समजण्यात अडचण येत नसेल, तर सुरुवातीला टोकू नये.

वाक्यरचनेत दोन गोष्टींवर वेळ द्यावा. वर्तमानकाळात अरबीला 'आहे' लागत नाही. 'मी डॉक्टर' एवढ्यावर वाक्य पूर्ण होते, म्हणून इंग्रजी वाक्यातले 'अ‍ॅम' आणि 'इज' गळतात. विशेषणही अरबीत नामानंतर येते, त्यामुळे 'कार रेड' ऐकू येईल. मराठीत 'आहे' आहे आणि विशेषणही आधी येते, त्यामुळे आपल्याला या चुका अनाकलनीय वाटतात. पण 'द'च्या बाबतीत अरबीभाषक आपल्यापेक्षा पुढे असतो, कारण 'द'चे काम करणारे 'अल्' त्याच्या भाषेत आहे.

लिहायला आपली चाररेघी वही उत्तम. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, तीत लहान-मोठी अशी दोन प्रकारची अक्षरे नाहीत आणि ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. म्हणून वही मागच्या बाजूने उघडली जाते, 'बी' आणि 'डी' उलटसुलट होतात आणि शब्दांतले स्वर गळून पडतात. पहिले काही दिवस प्रत्येक पानाच्या डाव्या समासात एक बाण काढून द्यावा.

आकड्यांकडे मात्र सर्वांत आधी लक्ष द्यावे. इराक, येमेन, इजिप्त या भागांत चालणाऱ्या अंकांमध्ये शून्य म्हणजे एक टिंब आणि पाच म्हणजे आपल्या शून्यासारखा गोल. आमच्या वर्गातल्या आजींनी एकदा डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली आणि विचारले, दुपारी पाच गोळ्या एकदम घ्यायच्या का? चिठ्ठीवर '१-०-१' असे लिहिले होते. त्या दिवसापासून अंकांचा तक्ता हा आमचा पहिला धडा झाला. मोरोक्को किंवा अल्जीरियाच्या माणसाला ही अडचण येत नाही, कारण तिकडे इंग्रजीसारखेच अंक वापरतात. आणखी एक गंमत अशी की अरबीत पंचवीस म्हणताना आधी पाच आणि मग वीस म्हणतात, अगदी आपल्या 'पंचवीस'सारखे. 'ट्वेंटी फाइव्ह' ऐकून कोणी ५२ लिहिले, तर ते का घडले हे मराठी शिक्षकाला सहज उमगते.

पहिल्या दिवसाची भीती घालवायला दोन्ही भाषांतले समान शब्द फार उपयोगी पडतात. खुर्ची, वकील, तारीख, हिशेब, किल्ला हे आपले शब्द मुळात अरबी आहेत, आणि ते ऐकताच समोरचे चेहरे खुलतात. मग इंग्रजीकडे वळावे. विदर्भाच्या कापसाला इंग्रजीत 'कॉटन' म्हणतात, तो शब्द अरबी 'कुत्न'वरून आला. 'शुगर' आणि 'लेमन' यांची वाटही अरबीतूनच गेली. मी टेबलावर एक संत्रे ठेवतो आणि सांगतो, की आपला संस्कृत 'नारंग' फारसीतून अरबीत 'नारंज' झाला आणि पुढे युरोपात जाऊन 'ऑरेंज' झाला.

अर्ज भरणे हा दोन-तीन तासांचा स्वतंत्र विषय करावा. अरबी नावात स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे आणि घराण्याचे अशी चार नावे असू शकतात, आणि लग्नानंतर स्त्रिया सहसा नाव बदलत नाहीत. मराठी माणसाला नावामागे वडिलांचे नाव लावण्याची सवय असल्यामुळे हे पटकन कळते. पण बाईंच्या अर्जात नवऱ्याचे आडनाव आपल्या मनाने लिहू नये. पासपोर्टवरील स्पेलिंग जसेच्या तसे उतरवणे, जन्मतारखेत दिवस, महिना, वर्ष हा क्रम पाळणे आणि 'सरनेम' कोणते ते ओळखणे यांचा सराव कोऱ्या अर्जांवर करून घ्यावा. परदेशी नागरिकांची नोंदणी ऑनलाइन इंग्रजीतूनच होते, म्हणून हा सराव वाया जात नाही.

साहित्यावर खर्च करण्याची गरज नाही. ब्रिटिश कौन्सिल आणि बीबीसी यांचे इंग्रजी शिकवणारे धडे ऑनलाइन मोफत मिळतात. त्याहून चांगले साहित्य म्हणजे रिकामी औषधाची पाकिटे, विजेचे बिल आणि मेट्रोचे तिकीट. महिन्यातून एकदा वर्ग बाहेर न्यावा. बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, मेट्रो इंटरचेंज स्थानकावर पाट्या वाचत एका मार्गिकेवरून दुसरीवर जाणे हा उत्तम धडा आहे. नागपुरात 'मेडिकल' म्हणजे औषधांचे दुकानही आणि शासकीय रुग्णालयही, हे ऑटोत बसण्याआधी समजावून द्यावे.

बाराव्या आठवड्यात लेखी परीक्षा घेण्याऐवजी प्रत्येकाने फोनवरून स्वतः डॉक्टरांची वेळ घ्यावी आणि एकट्याने जाऊन केसपेपर काढावा. 'प्लीज से दॅट अगेन, स्लोली' हे वाक्य त्याआधी इतके घोटून घ्यावे, की समोरचा भराभर बोलू लागताच ते आपोआप तोंडातून निघेल. मुलाला सोबत न्यायचेच असेल, तर त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवावे.