आरोग्यविम्याच्या सुधारणेवर वाद घालताना या चुका टाळा

वादविवाद स्पर्धेसाठी मी मुलांची तयारी करून घेतो. अमेरिकेतल्या आरोग्यविम्याचा विषय निघाला की दरवर्षी त्याच चुका समोर येतात.

सगळ्यात जास्त छळणारा मुद्दा हा: "आधीपासून आजार असलेल्याला विमा नाकारू नका, पण निरोगी माणसावर सक्तीही नको." ऐकायला छान वाटतं. एका मुलीनं हे इतकं ठासून मांडलं की टाळ्या पडल्या. मी तिला फळ्यापाशी बोलावलं. १०० जण, त्यातले १० आजारी, प्रत्येक आजाऱ्याचा खर्च १,०००. म्हणजे हप्ता माणशी १००. आता परवडत नाही म्हणून ४० निरोगी बाहेर पडले तर? तिनं भागाकार केला, १६७. आणखी ३० गेले, ३३३. खडू हातात तसाच राहिला. म्हणाली, "सर, मग शेवटी आजारीच उरतील ना?" म्हणूनच अमेरिकेच्या २०१०च्या आरोग्यविमा कायद्यात, म्हणजे 'ओबामाकेअर'मध्ये, आजाऱ्याला संरक्षण, विमा न घेणाऱ्याला दंड आणि हप्त्याला अनुदान या तीन गोष्टी एकत्र आल्या.

पण हे गणित पाठ करून मिरवणारेही चुकतात. २०१९पासून केंद्र सरकारचा हा दंड शून्य झाला, तरी विम्याचा बाजार कोसळला नाही. अनुदानामुळे बऱ्याच ग्राहकांना वाढीव हप्त्याची झळ बसत नव्हती आणि आमच्या फळ्यावर अनुदान नव्हतंच. तेव्हापासून गणितात काय सोडलंय ते मी कोपऱ्यात लिहायला लावतो.

"बाकी देशांत सगळं मोफत." कुठल्या देशात? ब्रिटनमध्ये १९४८पासून मुख्यतः करांवर चालणारी सेवा आहे, तर जर्मनीत १८८३पासून मालक आणि कामगारांच्या वर्गणीवर चालणारे आजार-निधी. दोन्ही एका माळेत ओवू नका.

"सरकार मृत्यूची पॅनेलं नेमणार," म्हणजे कुणाला उपचार द्यायचे आणि कुणाला मरू द्यायचं हे ठरवणाऱ्या समित्या. प्रत्यक्षात या सुधारणेच्या २००९च्या मसुद्यात होती ती आयुष्याच्या अखेरच्या उपचारांबद्दल रुग्णाला हवा असल्यास सल्ला देणाऱ्या डॉक्टरच्या फीची तरतूद. मूळ कलम वाचायला दहा मिनिटं लागतात. मथळे चाळून थेट व्यासपीठावर जायची घाई मला अजिबात खपत नाही.

"विमा मिळाला म्हणजे उपचार मिळाले." डिडक्टिबलची, म्हणजे विमा कंपनीनं पैसे द्यायच्या आधी रुग्णानं स्वतः भरायची, रक्कम भरून होईपर्यंत बरीच बिलं रुग्णाच्याच खिशातून जातात. मी मुलांच्या हातात एक पॉलिसी देतो आणि तो आकडा शोधायला सांगतो. सापडेपर्यंत भाषणाची एक ओळही लिहू देत नाही.