संघटनेचं ई-मेल वार्तापत्र: पहिला अंक काढताना

समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागधारकांच्या संघटनेचं मासिक वार्तापत्र तुमच्या गळ्यात पडलंय. लगेच मजकूर जुळवायला बसू नका, आधी यादी हातात घ्या.

एक्सेलमध्ये नाव आणि ई-मेल एवढे दोन रकाने पुरेत. ‘डॉट कॉम’च्या जागी ‘डॉट कॉन’ टंकलेले पत्ते हमखास सापडतात. फाइल साधी सीएसव्ही म्हणून सेव्ह केलीत तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. प्रदर्शनात जमलेली व्हिजिटिंग कार्डं यादीत ओतू नका. न विचारता मेल आला की माणूस ‘स्पॅम’ दाबतो, आणि हजारात तीन तक्रारीही गूगलच्या लेखी जास्तच.

साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० पत्त्यांचीच मर्यादा आहे. त्यामुळे एकगठ्ठा मेल पाठवणारी सेवा घ्या, पाठवणाऱ्याचा पत्ता संघटनेच्या स्वतःच्या डोमेनचा ठेवा आणि वेबसाइट सांभाळणाऱ्याकडून एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही नोंदी (मेल खरंच आपल्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या) करून घ्या.

आता मजकूर. खरी कटकट इथेच. कार्यालयातल्या जुन्या फाइली बहुधा श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. त्या तशाच चिकटवल्या तर सभासदाला नुसता अक्षरांचा चिवडा दिसतो. कन्व्हर्टरमधून युनिकोड (कुठल्याही मोबाइलवर वाचता येणारी मराठी) करा, पण त्यावर विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टंकला जातो, युनिकोडमध्ये नेमकं उलट. म्हणून ‘वार्षिक’सारख्या शब्दात दोन्ही घसरतात. एकदा मोठ्याने वाचून काढा. वर्डमधून आणताना कंट्रोल-शिफ्ट-व्हीने चिकटवा, नाहीतर वर्डचा अदृश्य कोड सोबत येतो. मेलचा कोड सुमारे १०२ केबीच्या वर गेला की जीमेल खालचा भाग कापतो, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. कापला जातो तो नेमका तळाचा ‘नाव कमी करा’ हा दुवा. मग माणूस काय दाबणार? स्पॅमच!

शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारे सभासद पुष्कळ, म्हणून भाषा सोपी ठेवा. ‘अधोस्वाक्षरीकार’ छापाची मराठी तशीही कुणाला आवडत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सवयीने अख्खा अंक एकाच जेपीजीत करू नका. चित्रं बंद असलेल्याला कोरा चौकोन दिसतो. टॉवेलचा फोटो १२०० पिक्सेल रुंद, २०० केबीच्या आत ठेवा आणि ६०० रुंदीत दाखवा.

विषयाच्या ओळीत ‘माहे जानेवारीचे वार्तापत्र’ नको. ‘वार्षिक सभा रविवारी, वीजदर पहिला विषय’ असं लिहा. मोबाइलवर ३५-४० अक्षरंच दिसतात.

पाठवण्याआधी दोन मोबाइल आणि एका संगणकावर चाचणी मेल उघडा, प्रत्येक दुवा दाबून बघा. डार्क मोडही लावा: पारदर्शक पार्श्वभूमीवरचा काळा लोगो तिथे गायब होतो. जानेवारीचा अंक गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सोडू नका, तेव्हा वाचायला कुणाला सवड नसते. दुसऱ्या दिवशी परत आलेले पत्ते यादीतून काढा आणि त्या सभासदांना फोन करून नवा पत्ता विचारा.