स्कायरिममध्ये कारागिरी आणि जादूतून पैसा: या चुका टाळा

सराफांच्या गुजरीत दागिना घ्यायला गेलं की सोन्याच्या भावाबरोबर घडणावळही विचारली जाते. सराफाची कमाई त्या घडणावळीवर. स्कायरिम या व्हिडिओ गेममध्येही पैसा तिथंच आहे, पण आपल्याकडचे बरेच खेळाडू दोन-दोन तास लोखंडाचं सोनं करत बसतात आणि शेवटी पेटी मालानं भरलेली, खिशात मात्र हजारभर. २०११ सालच्या मूळ गेमपासून हे असंच चालू आहे. माल बनवायला कुणी अडवत नाही. खरी अडचण दुकानदाराच्या गल्ल्याची असते, म्हणून आधी तोच हिशोब.

गल्ला न बघता माल बनवणं

जनरल दुकानदाराकडे सुरुवातीला ७५० नाणी असतात, लोहाराकडे १०००, औषधवाल्याकडे ५०० आणि दरबारी जादूगाराकडेही ५००. गेममधल्या व्हाइटरन शहरात अनुक्रमे बेलेथॉर, अ‍ॅड्रियान, आर्केडिया आणि फारेंगर या चौघांचे मिळून होतात २७५०. गल्ला पुन्हा भरायला गेममधले ४८ तास लागतात. म्हणजे तुम्ही दहा हजारांचा माल घेऊन आलात तरी त्या दिवशी या चौघांकडून पावणेतीन हजारच सुटणार.

त्यात तुमचा स्पीच (बोलून भाव करायचं कौशल्य) १५ असेल आणि एकही पर्क (कौशल्यासोबत घेता येणारी खास सवलत) नसेल, तर दुकानदार मूळ किमतीच्या साधारण ३२ टक्केच देतो. ७५ ची अंगठी २४ ला जाते. पर्क न घेता स्पीच १०० केला तरी निम्म्याच्या वर जात नाही. म्हणून सुरुवातीलाच हॅगलिंगचा (चांगला भाव मिळवून देणारा) पहिला टप्पा, स्पीच ५० ला मर्चंट (कुठलाही माल कुठल्याही दुकानात खपतो) आणि ७० ला इन्व्हेस्टर हे पर्क घ्याच. इन्व्हेस्टरमध्ये दुकानदाराला एकदा ५०० दिले की त्याचा गल्ला कायमचा ५०० नं वाढतो. मात्र सगळेच दुकानदार ते पैसे घेत नाहीत.

अजून एक सवय लावून घ्या: आधी खरेदी, मग विक्री. तुम्ही घेतलेल्या मालाचे पैसे त्याच्या गल्ल्यात पडतात आणि लगेच तुमचा माल विकत घ्यायला उपयोगी येतात. अ‍ॅड्रियानकडून लोखंडाचं ओर (कच्चं खनिज), फारेंगरकडून सोल जेम (वस्तूवर जादू चढवायला लागणारा, आत्मा साठवलेला खडा), आर्केडियाकडून साहित्य अशी खरेदी केली की गल्ला रिकामा असल्याची रड निम्मी कमी होते. पण खरेदीचा भाव मूळ किमतीच्या तिप्पट असतो, हे ध्यानात ठेवा. लागेल तेवढंच घ्या.

ट्रान्सम्यूट: इथं सगळ्यात जास्त चुका

लोखंडाचं सोनं करणारा हा स्पेल (मंत्र) व्हाइटरनच्या उत्तरेला हॉल्टेड स्ट्रीम कॅम्पच्या खाणीत मिळतो. तिथं डाकू असतात, तेव्हा तयारीनं जा. खाणीत लोखंडाच्या शिराही आहेत, एका शिरेतून साधारण तीन नग ओर निघतं.

पहिली चूक म्हणजे घाईघाईनं भट्टी लावणं. ट्रान्सम्यूट फक्त कच्च्या ओरवर चालतो. ओर वितळवून इनगॉट (धातूची लगड) केलं की ते कायमचं लोखंड झालं, त्यातून सोनं होत नाही. उद्यमनगरातला ओतकामवाला आधी माल तपासतो आणि मगच भट्टीत टाकतो, तसंच इथंही. क्रम असा: लोखंडाचं ओर, त्यावर स्पेल, चांदीचं ओर, पुन्हा स्पेल, सोन्याचं ओर, आणि मग भट्टी. सोन्याची दोन ओर मिळून एक इनगॉट होतं. म्हणजे एका सोन्याच्या इनगॉटला दोन लोखंडी ओर आणि चार वेळा स्पेल.

दुसरी चूक मॅजिकाची, म्हणजे जादू करायला लागणाऱ्या शक्तीची. एका स्पेलला मुळात ८८ मॅजिका लागते. नव्या पात्राकडे बहुधा मॅजिका १०० च असते, त्यामुळे एकदा स्पेल टाकला की भांडं रिकामं. नुसतं उभं राहून भरायला अर्धा मिनिट जातो. त्यापेक्षा गेममधला वेळ पुढं ढकलणारी सोय वापरून एक तास वेट करा, मॅजिका पूर्ण भरते. आणि इथं एक छान मेळ बसतो. ४८ वेळा स्पेल आणि ४८ तास वेट, तेवढ्यात दुकानांचे गल्लेही भरून तयार. ४८ स्पेलमधून १२ इनगॉट, १२ इनगॉटमधून २४ अंगठ्या, आणि सुरुवातीच्या स्पीचला २४ अंगठ्यांचे होतात ५७६. बेलेथॉरच्या ७५० मध्ये अगदी आरामात बसतात. याच्यापेक्षा जास्त सोनं एका फेरीत बनवाल तर ते पेटीत पडून राहील. अल्टरेशन (हा स्पेल ज्यात मोडतो ते जादूचं कौशल्य) ५० ला अ‍ॅडेप्ट पर्क घेतला की स्पेलचा खर्च निम्मा होतो, मग वेट कमी करावा लागतो.

तिसरी चूक घडणावळीची. एका सोन्याच्या इनगॉटची किंमत १०० आहे. त्यातून दोन अंगठ्या होतात, प्रत्येकी ७५ च्या, म्हणजे १५०. नेकलेस मात्र १२० चाच होतो. म्हणून कोरं सोनं असेल तर अंगठ्याच करा. हिरा घालून अंगठी केली की ती ९०० ची दिसते आणि माणूस हरखून जातो. पण हिरा ८०० चा, इनगॉट १०० चं, बेरीज तेवढीच. विक्रीत एका नाण्याचाही फायदा नाही, फक्त स्मिथिंगचा (लोहारकामाच्या कौशल्याचा) अनुभव मिळतो. तो हवा असेल तर जरूर करा, नाहीतर हिरा तसाच विकून टाका.

चांदीचे दागिने हवे असतील तर तयार झालेलं चांदीचं ओर लगेच पेटीत टाकत जा. खिशात राहिलं तर पुढचा स्पेल त्याचंही सोनं करू शकतो.

लोखंडी खंजिरांचा ढीग

जुने व्हिडिओ बघून अजूनही शेकडो लोखंडी खंजीर बनवले जातात. १.५ पॅचनंतर (गेमच्या सुधारित आवृत्तीनंतर) स्मिथिंगचा अनुभव वस्तूच्या किमतीवर मिळतो. खंजिराची किंमत १०, मग त्यातून शिकायला काय मिळणार? अंगठी त्याच्या कितीतरी पुढं. खंजीर बनवायचे ते एन्चांट करण्यासाठी, म्हणजे त्यांच्यावर जादू चढवण्यासाठी, आणि तेही हातात असलेल्या सोल जेमइतकेच. एक इनगॉट आणि एक चामड्याची पट्टी एवढंच साहित्य लागतं. एका चामड्यातून चार पट्ट्या निघतात.

शस्त्रावर मोठी सोल जेम उधळणं

शस्त्राची किंमत मुख्यतः एन्चांटमेंटच्या जोरावर ठरते, सोलच्या आकारावर थोडीच. पेटी (सगळ्यात लहान) सोल जेमचा चार्ज, म्हणजे शस्त्रात भरलेली जादू, २५०, ग्रँडचा (सगळ्यात मोठ्या जेमचा) ३०००. किमतीत चार्जचा वाटा ०.१२ च्या हिशोबानं येतो, म्हणजे ग्रँड वापरून जेमतेम ३३० वाढतात. विकायच्या खंजिराला पेटी जेमच वापरा. ग्रँड जेम स्वतःच्या चिलखतासाठी ठेवा, कारण चिलखत आणि दागिन्यांवर सोलच्या आकारानं ताकदच बदलते. बॅनिश नावाची जादू असलेलं शस्त्र कुठं सापडलं तर विकू नका, डिसएन्चांट करून (मोडून) ती जादू शिकून घ्या. ते शस्त्र नष्ट होतं, पण त्यानंतर साधा खंजीरही भरपूर किमतीचा होतो. एन्चांट करायच्या टेबलवर स्लायडर पूर्ण ताकदीकडं सरकवून किंमत वाढताना बघा, मगच ठरवा.

औषधात प्युरिटी पर्क

अल्केमी (औषधं बनवायचं कौशल्य) १०० ला मिळणारा प्युरिटी पर्क विक्रीसाठी औषधं बनवणाऱ्यानं घेऊ नये. औषधाची किंमत म्हणजे त्यातल्या सगळ्या परिणामांची बेरीज, वाईट परिणामांचीसुद्धा. प्युरिटी ते वाईट परिणाम काढून टाकतो आणि किंमत घसरते. जायंट्स टो, गहू आणि क्रीप क्लस्टर या तिघांचं औषध बघा. आरोग्य वाढतं, वजन उचलायची क्षमता वाढते आणि स्टॅमिना भरायचा वेग घटतो. हे तिन्ही मिळून त्याला भाव येतो. जायंट्स टो बागेत उगवत नाही, त्यामुळं ते साध्या औषधात वाया घालवू नका. गहू आणि क्रीप क्लस्टर मात्र हर्थफायर या जोड-भागातल्या घराच्या बागेत लावता येतात.

भाव वाढवणारं औषध ड्रॅगन्स टंग आणि बटरफ्लाय विंगपासून होतं. ते ३० सेकंदच टिकतं. बरेच जण दुकानाच्या दारात पितात आणि आत जाईपर्यंत ते संपतं. दुकानदारासमोर उभं राहून प्या आणि लगेच व्यापाराची खिडकी उघडा. ती उघडी असेपर्यंत वेळ थांबतो, सावकाश विका.

चोरीचं ओर थेट दुकानात जात नाही, पण वितळवलं की चोरीची खूण जाते. आणि फोर्टिफाय रिस्टोरेशनची (इतर जादूचे परिणाम वाढवणारी) औषधं एकावर एक पिऊन ताकद अफाट करायचा जो खेळ आहे, तो करायचाच असेल तर आधी वेगळा सेव्ह ठेवा. आकडा फार फुगला की किंमत उणे होते, गेम बंद पडतो, आणि त्या क्षणी ऑटोसेव्ह झाला असेल तर पात्रच बिघडतं. पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मोठं एन्चांट करायच्या आधी पीसीवर एफ५ (झटपट सेव्ह) दाबाच.