दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून

शेजारच्या काकांनी ट्रेकच्या सूचनेत 'सह्याद्रीतल्या दर्या' असं टाइप केलं आणि कुणीतरी विचारलं, होडी आणायची का? काका वैतागले, "अगं, तो आडवा र उमटतच नाही!"

उमटतो. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडून घ्या. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून मराठीवर या. नेहमीचा र 'जे'वर असतो, तो नको. शिफ्ट धरून 'जे' दाबा, खाली टिंब असलेला ऱ येईल. मग 'डी', म्हणजे पाय मोडायचा. मग प्रश्नचिन्हाची कळ, शिफ्ट सोडून: य. झाला ऱ्य! 'तऱ्हा' लिहायचं तर य ऐवजी 'यू'वरचा ह.

'सूर्य'ला मात्र साधाच र. काकांनी उत्साहाच्या भरात तिथेही शिफ्ट दाबलं होतं.