आपल्या गावच्या मंडईचा इतिहास कसा लिहावा

भाऊबीज झाली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम सुरू होतो. हलका धान बांधीतून निघालेला असतो, भारी धान अजून उभा असतो, आणि या मधल्या दिवसांत आज या गावची तर उद्या शेजारच्या गावची अशी मंडई भरत जाते. सासरी गेलेल्या लेकी येतात, सोयरे येतात, शिंगाड्यांपासून खेळण्यांपर्यंतची दुकाने लागतात, दिवसा दंडार आणि खडीगंमत ही लोकनाट्ये होतात आणि रात्री नाटक होते. या मंडईविषयी गावच्या स्मरणिकेत किंवा नाटकाच्या पत्रकात जे लिहिलेले आढळते ते बहुधा एकच वाक्य असते: आमच्या गावची मंडई पूर्वापार चालत आलेली आहे. ते वाक्य खोटे नसेलही, परंतु त्यातून त्या गावाविषयी काहीच कळत नाही. त्याच्या पुढे जाऊन दहा-वीस पानांचा विश्वसनीय इतिहास लिहू इच्छिणाऱ्या शिक्षकासाठी, ग्रंथपालासाठी किंवा मंडळाच्या कार्यकर्त्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

मुख्य सूचना आधीच सांगणे बरे. हा इतिहास देवाच्या कथेपासून सुरू करू नये. तो जागा, खर्च आणि कामाची वाटणी यांपासून सुरू करावा. कथा अनेक गावांत सारखीच ऐकू येते आणि सांगणाऱ्यागणिक बदलते; परंतु मंडई कोणाच्या जमिनीवर भरत असे, बाहेरगावच्या दंडारीला शिधा कोणाच्या घरून जात असे, दवंडी कोण देत असे, या प्रश्नांची उत्तरे त्या एका गावाचीच असतात आणि ती पडताळून पाहता येतात. कथा लिहूच नये असे नाही. ती कोणी सांगितली याच्या नोंदीसह शेवटी द्यावी.

व्याप्तीही आरंभीच ठरवावी. एक गाव आणि एक मंडई एवढेच हाती घ्यावे. बलिप्रतिपदेला आखरावर, म्हणजे गावची गुरे जमण्याच्या जागी, होणारे गायगोधन हे गायींचे पूजन आणि गुरे राखणाऱ्या गोवारी समाजाचे ढालपूजन यांचा मंडईशी जवळचा संबंध असला तरी त्यांचे करणारे लोक आणि त्यांचे नियम वेगळे असतात, म्हणून त्यांना स्वतंत्र प्रकरण द्यावे. हीच पद्धत भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईला, कौंडण्यपूरच्या कार्तिक यात्रेसारख्या वऱ्हाडातील जत्रेला किंवा रामटेकच्या त्रिपुरी पौर्णिमेलाही लावता येईल. फक्त प्रश्न त्या प्रदेशाच्या व्यवस्थेप्रमाणे बदलावे लागतील, आणि तो फरक पुढे येईलच.

माणसांकडे जाताना

मंडईच्या दिवशी मुलाखती घेऊ नयेत. त्या दिवशी घराघरांत पाहुणे असतात आणि कोणालाच बोलायला सवड नसते. त्या दिवशी केवळ पाहावे: दुकानांच्या रांगा कोठून कोठे लागतात, दंडार गावात कोणत्या बाजूने शिरते आणि प्रथम कोणाच्या दारात थांबते, नाटकाचा मंडप कोणत्या पटांगणात आहे, पूजा कोणाच्या हातून होते. हाताने काढलेला गावाचा साधा नकाशा सोबत ठेवावा आणि या सर्व जागा त्यावर मांडाव्यात. दंडारीचा मार्ग विशेष काळजीने नोंदवावा, कारण ती ज्या दारी थांबते ते घर बहुधा जुन्या मानकऱ्याचे असते, आणि ज्या गल्लीत ती वळतच नाही ती गल्ली का वगळली गेली हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

मुलाखती नंतर, धान घरात आल्यावर, निवांतपणे घ्याव्यात. वृद्ध माणसाला "मंडई कोणत्या साली सुरू झाली" असे विचारले तर तो संकोचाने काहीतरी साल सांगतो आणि आपण ते छापून मोकळे होतो. त्याऐवजी त्याच्या स्वतःच्या आयुष्यातील काम विचारावे: तुम्ही प्रथम दंडारीत नाचलात तेव्हा लग्न झाले होते काय, तेव्हा उजेड कशाचा होता, नाटकाचे तिकीट होते की नाटक फुकट होते, राधेचे पात्र कोण करीत असे. अशा उत्तरांना नंतर ठाऊक असलेल्या घटनांच्या आधारे काळात बसवता येते. मालगुजारी, म्हणजे मालगुजारांची गावमालकी, गेली ते वर्ष १९५१. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले ते १९५४. मोठा दुष्काळ १९७२. गडचिरोली जिल्हा झाला ते १९८२. नागपुरात गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मृत्युमुखी पडली तो दिवस २३ नोव्हेंबर १९९४. शेवटची घटना मंडईच्या हंगामातीलच असल्याने गोवारी घरांत "त्याच्या आधी" आणि "त्याच्या नंतर" अशी विभागणी सहज होऊ शकते, मात्र तो विषय आपण होऊन आणि घाईने काढू नये.

या सर्वांत १९५१ या वर्षाला मी सर्वाधिक महत्त्व देईन. पूर्वीच्या मध्य प्रांतातील नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा (आजचे चंद्रपूर) या जिल्ह्यांत गावाचा मालक मालगुजार असे आणि गावच्या उत्सवातील बराचसा मान व भार त्याच्या वाड्याकडे असे. मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ रोजी हे मालकी हक्क शासनाकडे गेले. मग त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर शिधा कोणी दिला? वर्गणीची वही कोणी घातली? मालगुजाराच्या मोकळ्या जागेवर भरणारी मंडई तेथेच राहिली की गावठाणात आली? ज्या तलावांना आपण आज मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतो, त्यांतील शिंगाडा आणि मासळी यांच्या उत्पन्नातून उत्सवाला काही मिळत असे काय? हे प्रश्न प्रत्येक मुलाखतीत विचारावेत. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ या वऱ्हाडी जिल्ह्यांत मालगुजारी नव्हती. तेथे पाटील, देशमुख आणि खातेदार यांच्याविषयी विचारावे लागेल. झाडीपट्टीची प्रश्नावली जशीच्या तशी वऱ्हाडात नेली तर उत्तरे चुकीची येतील.

दुसरे कळीचे वर्ष १९५६. त्या वर्षी विजयादशमीला, १४ ऑक्टोबर रोजी, नागपूर येथे आणि त्यानंतर १६ ऑक्टोबर रोजी चांदा येथे धम्मदीक्षेचे सोहळे झाले. अनेक गावांत त्यानंतर बौद्ध झालेल्या कुटुंबांनी गावकीची परंपरागत कामे सोडली. दवंडी आणि वाजंत्री यांचे पुढे काय झाले, ती कामे कोणाकडे गेली, मजुरीवर होऊ लागली की बंद पडली, हे विचारणे आवश्यक आहे, आणि ते दोन्हीकडे विचारणे त्याहून आवश्यक आहे. केवळ मानकऱ्यांच्या ओसरीवर बसून लिहिलेल्या इतिहासात "पूर्वी सगळे गुण्यागोविंदाने चालत असे" हे वाक्य हमखास येते. ते खरे की खोटे हे दुसऱ्या वस्तीत गेल्यावरच कळते.

स्त्रियांची साक्ष बहुतेक लेखनांतून सुटलेली असते. मंडईचे निमंत्रण कोणत्या गावांपर्यंत जात असे हे पुरुष मोघम सांगतात, पण घरातील वृद्ध स्त्री कोणत्या गावची कोणती सोयरीक मंडईत जुळली ते नावानिशी सांगू शकते, आणि अशी निदान पंधरा घरे झाली की गावाच्या सोयरसंबंधांचा एक नकाशाच तयार होतो. मंडईला आलेल्या लेकींशीही बोलावे. त्यांनी माहेरची आणि सासरची अशा दोन मंडई पाहिलेल्या असतात, त्यामुळे आपल्या गावात जे वेगळे आहे ते त्यांनाच अधिक चटकन दिसते.

कलावंतांचे कागद

दंडारीचे आणि खडीगंमतीचे लिखित साधन फार थोडे असते, पण जे असते ते मोलाचे असते. जुन्या शाहिरांच्या घरी हाताने लिहिलेल्या वह्या सापडतात आणि रचनेच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचे, कधी त्याच्या गुरूचे व गावाचे नाव गुंफलेले असते. एका वहीतील नाव दुसऱ्या गावच्या वहीत आढळले तर कोणता फड कोठवर जात होता ते समजते. वही मागून नेऊ नये. तेथेच प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि वही घरच्यांच्या हाती परत द्यावी.

नाटकाची पत्रके हा त्याहून सोपा आणि दुर्लक्षित ठेवा आहे. झाडीपट्टीच्या नाट्यमंडळ्यांची कार्यालये प्रामुख्याने वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे आहेत, आणि हंगामात तेथूनच गावोगावच्या तारखा ठरतात. पत्रकावर नाटकाचे नाव, कलावंत, तिकिटाचे दर, आयोजक मंडळ आणि उद्घाटकांची नावे असतात. दहा वर्षांची पत्रके ओळीने लावली तर मंडळाचे नाव केव्हा बदलले, गावात दुसरे मंडळ कोणत्या वर्षी उभे राहिले आणि उद्घाटक म्हणून शेतकरी जाऊन पुढारी केव्हा आले, हे वेगळे सांगावे लागत नाही. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यापासून या रंगभूमीकडे बाहेरच्यांचे लक्ष गेले आहे, परंतु पत्रके अजूनही चुलीत किंवा रद्दीतच जातात. आजचे फ्लेक्स डोळ्यांना कितीही खटकले तरी त्यांचीही छायाचित्रे ठेवावीत.

कचेरीतील आणि छापील नोंदी

ग्रामपंचायतीत जुने ठराव आणि बाजार-लिलावाच्या नोंदी पाहाव्यात. मंडईतील दुकानांकडून कर घेण्याचा पहिला ठराव सापडला तर एक पक्की तारीख हाती येते. तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात गावाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या प्रती मागाव्यात. पहिल्यात गावाच्या सामाईक वापराच्या जमिनी आणि दुसऱ्यात गावातील रूढी व हक्क नोंदलेले असतात, त्यामुळे आखर, गोठाण किंवा बाजाराची जागा कोणाची होती हा वाद त्यांच्या आधारे बराच स्पष्ट होतो. मालगुजारांच्या घरी मोडी कागद निघाले तर ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत. अंदाजाने वाचू नयेत.

छापील साधनांत इंग्रज अमदानीतील जिल्हा गॅझेटियर उपयोगी पडतात: भंडाऱ्याचे १९०८ चे आणि चांद्याचे १९०९ चे. त्या वेळी आजचे जिल्हे नव्हते. गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यात होता आणि गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपुरात, म्हणून गाव शोधताना जुना जिल्हा आणि जुनी तहसील पाहावी. भंडाऱ्यात तेव्हा भंडारा, तिरोडा आणि साकोली एवढ्याच तहसिली होत्या. १९६१ च्या जनगणनेच्या निमित्ताने महाराष्ट्रातील जत्रा आणि उत्सव यांवर स्वतंत्र खंड निघाला, तोही जिल्हा ग्रंथालयात विचारावा. मात्र या पुस्तकांत आपल्या मंडईचा उल्लेख नसला तर ती तेव्हा नव्हती असे म्हणू नये. अधिकाऱ्यांचे लक्ष मोठ्या जत्रांवर आणि गुरांच्या बाजारांवर असे. एका दिवसाच्या गावमंडईची दखल त्यांना घ्यावीशी वाटली नसावी.

कालगणनेत घोटाळे होतात, म्हणून थोडे सावध राहावे. शक वर्षात ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो, महसुली कागदांतील फसली सनात ५९० मिळवावे लागतात, आणि मारवाडी व्यापाऱ्यांच्या वह्यांतील विक्रम संवतातून ५७ वजा करावे लागतात; वर्षारंभ निराळे असल्याने एका वर्षाचा फरक पडू शकतो. मध्य प्रदेशच्या सीमेकडील काही घरांत उत्तरेची पौर्णिमान्त, म्हणजे महिना पौर्णिमेला संपवण्याची, पद्धत चालते, त्यामुळे आपली आश्विन अमावास्या त्यांच्या कागदात कार्तिकाची असते. अधिक मास आला की सगळे पुढे सरकते: २०२० मध्ये अधिक आश्विन होता आणि पितृपक्ष संपल्यावर नवरात्र महिनाभराने लागले. म्हणून मंडई तिथीने ठरते, वाराने ठरते की शेजारच्या गावांशी बोलून ठरते, हे आधी स्पष्ट करून घ्यावे.

लिहिताना

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरण प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रातून उठलेल्या गावांचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. मंडईची मूळ जागा पाण्याखाली गेल्यावर तिचा मार्ग आणि मान केवळ त्या पिढीच्या आठवणीत राहतो, आणि नव्या वसाहतीत दंडार कोणत्या दारी प्रथम थांबावी यावरून वाद झाला असल्यास तोही लिहून ठेवावा.

दोन साक्षी जुळत नसतील तर सरासरी काढू नये. दोन्ही द्याव्यात, आणि आपल्याला कोणती अधिक ग्राह्य वाटते ते कारणासह सांगावे. मानाच्या वादात हयात व्यक्तींची नावे त्यांच्या संमतीवाचून छापू नयेत. "पूर्वीच्या पाटलांचे घराणे" एवढा उल्लेख पुरतो. बोलणाऱ्यांची झाडीबोली शुद्ध करून घेऊ नये, कारण अवजारे, वाद्ये आणि दंडारीतील पात्रे यांची नावे त्या बोलीतच नेमकी आहेत. मसुदा झाल्यावर तो छापखान्यात देण्यापूर्वी वाचनालयात किंवा समाजमंदिरात सर्व वस्त्यांना बोलावून मोठ्याने वाचून दाखवावा आणि आलेल्या हरकती तारखेसह परिशिष्टात घालाव्यात. मुद्रित प्रती ग्रामपंचायत, शाळा आणि गावचे वाचनालय यांना द्याव्यात, आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण किमान दोन ठिकाणी, सांगणाऱ्याच्या घरी एक प्रत राहील अशा रीतीने, जपून ठेवावे.